माकडतापाची लस, मेडिकलचं काउंटर आणि फार्मसीचा 'अवघड' विषय

यंदाच्या ईदला आमची एक माजी विद्यार्थिनी सलाम करायला घरी आली. दहावीपर्यंत आमच्याकडे दोडामार्गात, मग बारावी सायन्स, सीईटी, आणि आता बी.फार्मचं दुसरं वर्ष. शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली आणि पहिली तक्रार काय, तर "सर, मायक्रोबायोलॉजी डोक्यावरून जातं. नुसती नावं. ती पण इंग्रजी नाहीत, लॅटिन! घोकायची आणि पेपरात उतरवायची."

आम्ही हसलो. पण पुढे ती जे बोलली त्यावर हसू आलं नाही. तिचे मामू काजूच्या बागेत कामाला जातात. माकडतापाच्या लशीचे डोस त्यांनी घेतले होते. ती लस पुढे बंद झाल्याचं त्यांच्या कानावर आलं. एके दिवशी भाचीला समोर बसवून त्यांनी विचारलं, "पोरी, तू औषधांचंच शिकतेस ना? मग सांग, लस बंद केली म्हणजे आमच्या दंडात टोचलं ते काय होतं? पाणी?" तिला उत्तर देता आलं नाही. आणि मामूंनी ठरवून टाकलं की नातवाला गोवराचा दुसरा डोस द्यायचा नाही. एक लस खोटी निघाली तर बाकीच्या खऱ्या कशावरून?

हा लेख त्या मामूंसाठी आहे. आणि त्या भाचीसाठी, जिला वाटतं की हा विषय फक्त परीक्षेचा आहे. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, फार्मसी कॉलेजचे प्राध्यापक नाही. पण दोडामार्गात राहून हा विषय परका वाटावा, असं निदान आपल्या तालुक्यात तरी व्हायला नको.

शिमोग्याहून दोडामार्गापर्यंत

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि आसपासच्या गावांत लोक तापाने फणफणले. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. जंगलाच्या नावावरून रोगाचं नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. आपण त्याला माकडताप म्हणतो.

कित्येक वर्षं हा रोग कर्नाटकापुरताच होता. मग २०१५ मध्ये शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यात काजू बागायतीतले लोक आजारी पडले. २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यात माकडं मेलेली सापडली आणि माणसांना ताप सुरू झाला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला. त्या दिवसांतली भीती आम्हाला आठवते. शाळेत पोरं विचारायची, "सर, माकड दिसलं तर पळायचं का?"

खरं तर माकड हाही बिचारा रोगीच. विषाणू पसरवते ती गोचीड. गोचिडीची अगदी बारीक पिल्लं पातेऱ्यात असतात. माणूस काजू बी गोळा करायला, लाकडं आणायला, पातेरा झाडायला रानात जातो आणि ती अंगाला चिकटतात. म्हणून हा ताप डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. अचानक जोराचा ताप, डोकं ठणकणं, कंबर-पाय मोडून येणं, डोळे लाल, उलट्या. काहींना रक्तस्राव होतो. काहींचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, तेव्हा डोक्यावर परिणाम दिसतो. शंभर रोग्यांत साधारण तीन ते पाच दगावतात. या विषाणूवर नेमकं औषध आजही नाही. रोग्याला पाणी, विश्रांती, ताप उतरवणं, रक्तस्रावाकडे लक्ष, एवढाच उपचार.

पहिला दवाखाना म्हणजे मेडिकल

आता आपल्याकडे ताप आला की माणूस पहिला कुठे जातो? सरकारी दवाखान्यात नाही, बांबोळीला तर नाहीच. तो मेडिकलच्या काउंटरवर जातो. मजुरी बुडवून चालत नाही, म्हणून म्हणतो, "भाई, जरा कडक गोळी दे, उद्या कामावर जायचंय." काउंटरवर उभा असलेला मुलगा फार्मसी शिकलेला असेल, तर त्या एका मिनिटात त्याचा तो लॅटिन नावांचा विषय उपयोगी पडतो किंवा वाया जातो.

कसा ते बघा. कडक गोळी म्हणजे बहुतेकदा अँटिबायोटिक. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही. जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, आत प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून जिवाणू मरतो आणि आपण वाचतो. डॉक्सिसायक्लिन जिवाणूची प्रथिनं बनवायची यंत्रणा अडवतं. विषाणूकडे यातलं काहीच नाही. ना भिंत, ना यंत्रणा. तो आपल्याच पेशीत घुसून आपलीच यंत्रणा वापरतो. मग गोळीने मारायचं काय?

आपल्या जिल्ह्यात हा फरक जास्तच महत्त्वाचा आहे. कारण पावसाळ्यात भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो होतो. त्यातही ताप, अंगदुखी आणि लाल डोळे. पण लेप्टो जिवाणूमुळे होतो आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन वेळेत मिळालं तर माणूस उठून बसतो. म्हणजे वरून सारखे दिसणारे दोन ताप. एकाला अँटिबायोटिक न देणं चूक, दुसऱ्याला त्याच्यावर विसंबून घरी ठेवणं चूक. काउंटरवरच्या मुलाने रोगनिदान करायचं नाही, तो डॉक्टरचा हक्क. पण "चाचा, हल्ली रानात गेलात का? अंगावर गोचीड दिसली का? आजूबाजूला माकड मेलंय का?" एवढे तीन प्रश्न विचारून रोग्याला आरोग्य केंद्रात पाठवणं त्याच्या हातात आहे. आणि असा ताप असताना अंगदुखीच्या काही गोळ्या रक्तस्राव वाढवतात, त्या मनाने द्यायच्या नाहीत, हेही त्याला ठाऊक असायला हवं.

कायदाही तेच सांगतो. शेड्यूल एच-१ हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स विकताना डॉक्टरचं, रोग्याचं नाव आणि औषधाचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. औषधाच्या पट्टीवरची लाल रेघ उगाच नसते.

दुसऱ्यांना शहाणपण शिकवताना स्वतःचंही सांगायला हवं. आमच्या मुलाला लहानपणी सर्दी झाली तेव्हा घरात उरलेली अँटिबायोटिकची बाटली आम्हीच काढली होती. अर्धा डोस पाजला, दोन दिवसांनी बरं वाटलं, बंद केली. बीएड झालेला विज्ञानाचा मास्तर! सर्दी आपोआप गेली होती. पण पोटातल्या जिवाणूंपैकी कमकुवत मेले आणि चिवट राहिले, त्यांना वाढायला जागा आम्ही करून दिली. अशाच चुका घरोघरी होत जातात आणि मग एक दिवस खरी गरज असते तेव्हा औषध चालत नाही. याला औषधरोध म्हणतात. फार्मसीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी हेच काचेच्या बशीत बघतो. खळीसारख्या माध्यमावर जिवाणू पसरवतात, त्यात छोट्या खाचा पाडून औषध घालतात. दुसऱ्या दिवशी खाचेभोवती गोल स्वच्छ वर्तुळ दिसतं. वर्तुळ मोठं तर औषध जोरात. वर्तुळ नाहीच, तर समजा जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही. ते वर्तुळ एकदा डोळ्यांनी बघितलेला मुलगा काउंटरवर "दोनच गोळ्या द्या" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणू शकतो.

एका बाटलीची गोष्ट

आमच्या विद्यार्थिनीला सगळ्यात कंटाळवाणं वाटतं ते निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्ह, १२१ अंश, १५ मिनिटं, दाब १५ पौंड. आम्ही तिला म्हटलं, अगं, घरातला कुकर तेच तर करतो. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर जातं आणि उकळत्या पाण्यात न मरणारे बीजाणूही मरतात. धनुर्वाताचा जिवाणू असाच बीजाणू करून मातीत पडून राहतो.

याची किंमत काय असते ते एका जुन्या घटनेतून कळेल. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईला आले, जे.जे.च्या आवारात ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी प्रयोगशाळा मांडली आणि काही महिन्यांत प्लेगची लस केली. १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरले होते, अफवा उठत होत्या. तेव्हा विशीच्या आतबाहेर असलेल्या आगाखानांनी (तिसऱ्या) पुढे होऊन सर्वांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपलं 'खुश्रू लॉज' दिलं. त्यांचं बघून खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. आजची परळची हाफकिन संस्था त्याच प्रयोगशाळेची.

मग १९०२ चा ऑक्टोबर. पंजाबातल्या मलकोवाल गावात एका दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे १९ एकाच बाटलीतले. लशीत प्लेगचा दोष नव्हता. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे समोर आलं. हाफकिन यांच्यावर ठपका आला, कामावरून दूर व्हावं लागलं, आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरेपर्यंत पाच वर्षं गेली.

जमिनीवर पडलेला एक चिमटा! आज इंजेक्शनच्या प्रत्येक घाणीतले, म्हणजे बॅचमधले, नमुने काढून चौदा दिवस वाढमाध्यमात ठेवतात आणि काही उगवतंय का ते बघतात. काही उगवलं तर माल बाहेर जात नाही. गोव्यातल्या वेर्ण्यासारख्या वसाहतींत औषध कारखाने आहेत, तिथे गुणवत्ता विभागात मायक्रोबायोलॉजीची वेगळी प्रयोगशाळा असते. आपल्या तालुक्यातून तासा-दीड तासावर. मुलींना दूर पाठवायला कचरणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

मामूंचं उत्तर

आता मूळ प्रश्न. दंडात टोचलं ते पाणी होतं का?

आधी एक साधी गोष्ट. रानात कुणाला फुरसं चावलं तर दवाखान्यात सर्पविषाची प्रतिलस देतात. ती कशी होते? घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचतात. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती घोड्याच्या रक्तातून काढून शुद्ध करतात. आपल्याकडची प्रतिलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते; पुण्याजवळ पिंपरीला हाफकिनचाच कारखाना ती बनवतो. ही प्रतिपिंडं तयार मिळतात म्हणून लगेच काम करतात. पण ती उसनी. काही दिवसांत संपतात, आणि आपलं शरीर त्यातून काही शिकत नाही.

लस उलटी. लस शरीराला शिकवते. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याचा एखादा तुकडा, शरीरापुढे ठेवते आणि सांगते, हा चेहरा ओळखून ठेव. शरीराला शिकायला वेळ लागतो, दिवस आणि आठवडे. पण मग काही पेशी ते लक्षात ठेवतात. उर्दूत रोगप्रतिकारशक्तीला कुव्वत-ए-मुदाफअत म्हणतात. मुदाफअत म्हणजे बचाव, आणि बचावाला शत्रूची ओळख लागते. हाजींना मेंदूज्वराची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते, ती या शिकायच्या वेळेसाठीच. त्या लशीचे दोन प्रकार आहेत. एकात जंतूच्या आवरणातली नुसती साखर असते, तिचा दाखला सौदी सरकार तीन वर्षं धरतं. दुसऱ्यात ती साखर प्रथिनाला जोडलेली असते, तिचा पाच वर्षं. कारण प्रथिन जोडलं की शरीराची आठवण पक्की बसते. म्हणजे कोणती लस किती काळ आठवणीत राहील हे ती कशी बनवली यावर ठरतं.

माकडतापाची जुनी लस कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवून, मग फॉर्मालिनने मारून केलेली. मेलेला विषाणू सुरक्षित, पण तो शरीरात वाढत नाही, म्हणून शिकवणी थोडकी. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, आणि नंतर दर वर्षी एक, असं ते वेळापत्रक. १९९० च्या सुमारास कर्नाटकात झालेल्या पाहणीत दोन डोसचा परिणाम नव्वद टक्क्यांच्या वर दिसला होता. पुढच्या, २००५ ते २०१० च्या पाहणीत तो दोन डोसनंतर साधारण ६२ टक्के आणि तिसरा घेतलेल्यांत ८३ टक्क्यांच्या आसपास होता. टोचलेली जागा खूप दुखायची, म्हणून बरेच लोक पुढचे डोस घ्यायलाच यायचे नाहीत. परिणाम घसरत गेला आणि २०२२ मध्ये लस बंद झाली.

म्हणजे पाणी नव्हतं. कमी पडणारी लस होती, आणि ती कमी पडते हे मोजून सांगण्यात आलं. प्रत्येक लशीची शक्ती तपासायची पद्धत असते. बॅच उतरली नाही तर ती वापरायची नाही. एखादी लस बंद होते याचा अर्थ कुणीतरी मोजतंय. उलट कुठलीच लस कधी बंद झाली नसती, तर आम्हाला जास्त काळजी वाटली असती. हां, एक गाऱ्हाणं खरं आहे. लस बंद करताना गावात येऊन चार माणसांना का, ते समजावून सांगायला हवं होतं. मामूंपर्यंत बातमी पोचली, कारण पोचलं नाही.

आणि गोवराचं काय? ती लस वेगळ्या जातीची. त्यात विषाणू जिवंत असतो, दुबळा केलेला. तो शरीरात थोडा वाढतो, म्हणून शिकवणी पक्की. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि पुढे भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, आपल्याच वस्त्यांतली लहान मुलं दगावली, आणि त्यातल्या कितीतरी मुलांची लस राहिलेली होती. माकडतापाच्या लशीचा राग गोवराच्या लशीवर काढला तर भरपाई नातू करेल.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी

ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणूच शोधतात, पीसीआरने. आठवडा उलटला की विषाणू कमी होतो आणि प्रतिपिंडं दिसायला लागतात, मग ती तपासतात. म्हणून डॉक्टर विचारतो, "ताप कुठल्या दिवशी आला?" इम्युनोलॉजीचा धडा इथे आहे.

दुसरं म्हणजे फ्रीज. लस २ ते ८ अंशांत ठेवायची हे सगळे घोकतात. पण धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या लशी गोठल्या तरी निकामी होतात, हे कमी जणांच्या लक्षात राहतं. पावसाळ्यात आपल्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते. मग वीज आल्यावर फ्रीजचा काटा वाढवून बर्फ धरवणारा दुकानदार चांगलं करतोय असं त्याला वाटतं, पण तो लस मारतोय.

बी.फार्मला मायक्रोबायोलॉजी तिसऱ्या सत्रात असते, आणि लस-प्रतिपिंडांचा बराच भाग सहाव्या सत्रात बायोटेक्नॉलॉजीत. डी.फार्म दोन वर्षांचं, त्यावर ५०० तासांचं प्रत्यक्ष काम. तिथे हा विषय स्वतंत्र नाही, सोशल फार्मसीच्या पेपरात आहे, आणि बरीच मुलं तो 'सोपा' म्हणून शेवटच्या रात्री वाचतात. नावं घोकण्याआधी ती वस्तू काय करते ते आपल्या भाषेत, मराठीत नाहीतर उर्दूत, एकदा सांगून बघा. आम्ही त्या मुलीला जरासीम, प्रतिजन, प्रतिपिंड असं बोलतच समजावलं. इंग्रजी नाव मग आपोआप चिकटलं.

परवा तिचा फोन आला. मामूंना तिने हे सगळं सांगितलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची एक कंपनी मिळून माकडतापाची नवी लस करतायत, हेही सांगितलं. नातवाचा डोस पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ठरला आहे. नव्या लशीबद्दल मामूंनी एकच विचारलं म्हणे, "ही पण तितकीच दुखेल काय?"